पाऊण फेरा

दिल्लीत मराठी माणूस तीन ठिकाणी हमखास भेटतो. महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात, पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात आणि रविवारी सकाळी स्वतःच्या गाडीखाली. पहिल्या दोघांवर पुष्कळ लिहून झालं आहे. तिसऱ्याचे फक्त पाय दिसत असल्यामुळे तो साहित्यातून निसटला असावा.

हे पाय साधारण साठीचे असतात. त्यांनी कुठल्या तरी मंत्रालयाचे जिने आयुष्यभर चढून-उतरून निवृत्ती घेतलेली असते. पत्ता पश्चिम विहार, द्वारका, नोएडा किंवा गाझियाबादचं वसुंधरा. सोसायटीतली पोरं त्यांना ‘फिल्टरवाले अंकल’ म्हणतात, मराठी मंडळात ते नुसतेच काका.

पैसे वाचवायला काका गाडीचं ऑइल आणि फिल्टर घरी बदलतात, असा सोसायटीचा समज आहे. तो साफ चूक आहे. फिल्टर, ऑइल, हातमोजे आणि कपाटभर पाने यांची बेरीज केली तर कुठलंही वर्कशॉप स्वस्त पडेल. पण एकदा काकांनी गाडी सर्व्हिसिंगला देताना जुन्या फिल्टरच्या बुडाला काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून दिली होती. गाडी परत आली. बिलात फिल्टर नवा होता आणि गाडीखाली ठिपका जुनाच, फक्त फडक्याने पुसून चकचकीत केलेला. काकांनी आवाज चढवला नाही. पाना विकत आणला.

फिल्टरसाठी ते काश्मिरी गेटलाच जातात. मोटारीच्या सुट्या भागांचा हा बाजार अवाढव्य, आणि अस्सल इतकंच नक्कलही तिथे गुण्यागोविंदाने नांदते. काका फिल्टर हातात घेऊन वजन करतात, भोकातून आत बोट घालून रबरी झडप चाचपतात. ही झडप बंद इंजिनात तेल फिल्टरमधून परत खाली उतरू देत नाही. ती लेचीपेची असेल तर सकाळी गाडी सुरू करताना वरचे भाग काही क्षण कोरडेच घासतात. दुकानदार म्हणतो, ‘‘बाबूजी, फिल्टर ले रहे हो या लड़की देख रहे हो?’’

प्रत्यक्ष काम बघायला मात्र पहाटे उठावं लागतं, कारण बेसमेंटमध्ये गाडीची दुरुस्ती करायला सोसायटीची मनाई आहे. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करायचं. तेल कोमट झालं की पातळ होऊन सगळं उतरतं. उकळतं असेल तर हाताची सालही उतरते. पुढची चाकं रॅम्पवर, मागच्यांना विटा, हँडब्रेक ओढलेला. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणाऱ्याला काका एवढंच विचारतात, ‘‘नॉमिनी कोण?’’ मग खालचा बोल्ट सोडून तेल परातीत. (परात काकूंची होती. आता नाही.)

खरं नाट्य फिल्टर सोडवण्यात आहे. दिल्लीचा मेकॅनिक फिल्टर पान्याने कसतो आणि वर ‘अब नहीं हिलेगा’ म्हणून शेवटचा एक झटका देतो. त्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं. मग हौशी मंडळी पोटात स्क्रू ड्रायव्हर आरपार खुपसून फिरवायला जातात. पत्रा टराटरा फाटतो, फिल्टर जागेवर राहतो आणि तेल कोपरापर्यंत येतं. काकांकडे टोपीसारखा बसणारा पाना आहे, साखळीचा आहे, पट्ट्याचाही आहे. खालून फिल्टरच्या बुडाकडे बघत घड्याळाच्या उलट फिरवलं की तो सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बॉनेटमधून हात घालून, न बघता चाचपडणाऱ्याची दिशा उलटीपालटी होते आणि सोडतोय समजून भला माणूस घाम गाळत आवळत बसतो. मंत्रालयातल्या अनेक समित्या अशाच चालतात, असं काका म्हणतात, पण ते सोडून द्या.

फिल्टर हाती आला की काका आधी त्याची रबरी रिंग बघतात. ती फिल्टरबरोबर खाली यायलाच हवी. वर इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, तर दोन रिंगा एकमेकींवर ठरत नाहीत. दाब आला की सटकतात आणि बघता बघता सगळं तेल रस्त्यावर. म्हणून बसायची जागा फडक्याने पुसायची, नव्या रिंगला ताज्या तेलाचं बोट लावायचं, आटे हातानेच जुळवायचे. रिंग टेकली की मोजून पाऊण फेरा. तोही हातानेच. पान्याला इथे मज्जाव.

नेमका याच घटकेला सुरक्षारक्षक येतो. ‘‘अंकलजी, यहाँ अलाउड नहीं है.’’

‘‘अरे बाबा, सिर्फ पौन फेरा बाकी है!’’ गाडीखालून आवाज येतो. बिचारा ‘पौन फेरा’ म्हणजे कोण, कुठल्या फ्लॅटमधला, हे वहीत शोधत बसतो.

नवं तेल भरून इंजिन सुरू करायचं, तेलाचा लाल दिवा विझतोय ना, खाली थेंब दिसतोय का ते बघायचं, बंद करून थोडं थांबायचं आणि मग डिपस्टिक. इथवर कुणीही शहाणा माणूस करील. काका पुढे जुना फिल्टर करवतीने कापतात, आतला घड्यांचा कागद गॅलरीत पसरून त्यावर लोहचुंबक फिरवतात आणि पत्रिका बघावी तशी इंजिनची दशा सांगतात. गणपतीच्या मांडवात तो कागद प्लास्टिकच्या पिशवीतून फिरतो. अमेरिकेत 1923 साली स्वीटलंड नावाच्या माणसाने मोटारीसाठी ऑइल फिल्टर काढला, ही माहिती आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात मिळते. जळकं तेलही ते गटारात ओतत नाहीत. बांधकामवाला सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला मागतो, त्यालाही देत नाहीत. डबे बाल्कनीत साठतात. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं, नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं, हे ते काकूंनाच ऐकवतात. काकूंना डब्यांपायी तुळस हलवावी लागली आहे.

एवढं करून दिल्लीचा कायदा इंजिनकडे बघतच नव्हता. तो तारीख बघायचा. 10 वर्षांवरचं डिझेल आणि 15 वर्षांवरचं पेट्रोल वाहन राजधानी परिसरात चालवायचं नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शिक्कामोर्तब केलं. 1 जुलै 2025 पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, कॅमेरेही बसले. ओरड झाली आणि आठवडाभरात हुकूम पुढे ढकलला गेला. पण काकांनी धास्ती घेतली ती घेतलीच. 15 वर्षं पुरी व्हायच्या आत ना-हरकत दाखला काढून त्यांनी गाडी साताऱ्याच्या भाच्याकडे धाडली. सोबत चार पानी सूचनापत्र, आकृत्यांसह.

वर्षाने भाच्याचा आनंदाने फोन आला. ‘‘मामा, काळजी नको. आजच ऑइल बदललं, फिल्टरही नवा टाकला. मेकॅनिक म्हणाला, पान्याने असा आवळलाय की बापजन्मी सुटणार नाही!’’

काकांनी गोवा एक्सप्रेसचं तत्काळ तिकीट काढलं आणि साखळीचा पाना बॅगेत टाकला. ‘‘मी येईपर्यंत,’’ ते फोनवर म्हणाले, ‘‘त्या मेकॅनिकला दुकान बंद करू देऊ नकोस.’’