पेंग्विनरावांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. टक्स पेंग्विन, बोधचिन्ह, लिनक्स (डेस्कटॉप विभाग)

विषय : वाय-फाय, आवाज, फोटो न दिसणे व तत्सम किरकोळ बाबींविषयी.

महोदय,

हा अर्ज आपल्या नावे करण्याचे कारण एवढेच, की लिनक्सच्या घरात दुसरे कोणी तो घ्यायला तयार नाही. अर्जदार, म्हणजे विंडोजला कंटाळून आपल्या आश्रयास आलेला सर्वसामान्य वापरकर्ता, आवाज येत नाही म्हणून आधी डिस्ट्रोवाल्यांच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या बनवणाऱ्यांच्या, दारात गेला. त्यांनी डेस्कटॉपवाल्यांकडे बोट दाखवले, डेस्कटॉपवाल्यांनी कर्नलकडे (म्हणजे गाभ्याकडे), कर्नलवाल्यांनी चिप बनवणाऱ्या कंपनीकडे. आणि लिनक्स आमच्या यादीतच नाही म्हणत कंपनीने खिडकी लावून घेतली. एके ठिकाणी तक्रार नोंदवून घेतली, पण ‘आमच्याकडे नीट चालते’ असा शेरा मारून लगेच निकालीही काढली. लॅरी युइंग यांनी १९९६ साली आपले चित्र काढले, तेव्हापासून आपण पोटभर मासे खाल्ल्यासारखे एकाच जागी बसून आहात. सबब पत्ता आपलाच.

आपल्या कर्तबगारीविषयी अर्जदाराच्या मनात शंका नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. अँड्रॉइड फोनच्या पोटातही आपलाच गाभा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत मान्सूनच्या अंदाजासाठी बसवलेला ‘प्रत्युष’ महासंगणकही आपल्याच घराण्यातला. मग ज्याला अख्ख्या अरबी समुद्रावरचे ढग मोजता येतात, त्याला लॅपटॉपचे झाकण लावल्यावर गुपचूप झोपता का येऊ नये? संध्याकाळी बॅगेत ठेवलेला लॅपटॉप घरी पोचेपर्यंत तव्यासारखा तापतो आणि बॅटरी संपते, हे कोणत्या अंदाजात बसते?

लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी जगाला आपल्या प्रणालीची खबर दिली, तेव्हाच सांगून ठेवले होते की हा नुसता छंद आहे, यातून फार मोठे काही व्हायचे नाही. सर्व्हरच्या बाबतीत ते साफ चुकले. डेस्कटॉपच्या बाबतीत मात्र शब्दाला जागले आहेत.

वाय-फायचे गाऱ्हाणे जुनेच आहे. नवी प्रणाली टाकली की वाय-फाय दिसत नसे. त्याची चिप चालवणारे फर्मवेअर इंटरनेटवरून उतरवावे लागे, आणि इंटरनेटला तर वाय-फाय हवे. डेबियन या डिस्ट्रोने वर्षानुवर्षे असले बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले नाही, कारण ज्याचा स्रोत खुला नाही ते मुक्त सॉफ्टवेअर नव्हे. तत्त्व थोर आहे. अर्जदार त्यापुढे मान खाली घाली आणि घातल्या मानेने फोनची केबल लॅपटॉपला जोडून फोनचेच नेट वापरी. शेवटी २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी रीतसर मतदान घेतले आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर सोबत येऊ लागले. वाय-फाय लागावे की नाही यावर निवडणूक घेणारी कार्यप्रणाली दुसरी कुठली असेल?

यापुढचे प्रकरण गंभीर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातले यूट्यूबर लिनस सबॅस्टियन (टोरवाल्ड्सांशी नाते फक्त नावापुरते) यांनी घरच्या संगणकावर लिनक्स वापरण्याची पैज घेतली. संगणकांची माहिती देऊनच पोट भरणारा हा माणूस. त्याला अडाणी म्हणायची सोय नाही. नवख्यांना सोपी म्हणून शिफारस होते ती ‘पॉप ओएस’ त्यांनी निवडली आणि खेळांसाठी ‘स्टीम’ टाकायला घेतले. ॲप-दुकानातून ते बसेना. मग अनुभवी मंडळी सांगतात तो उपाय त्यांनी केला : टर्मिनल उघडून आज्ञा दिली. उत्तरादाखल पडद्यावर अक्षरांचा पूर आला आणि त्या पुरात कुठेतरी लिहिले होते, की आता तुमचा डेस्कटॉपच उपटला जाईल. खात्री असल्यास ‘यस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करा. त्यांनी केले. स्टीम राहिले बाजूला, डेस्कटॉप गेला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उरली.

यावर जाणकारांचे म्हणणे असे पडले, की इशारा नीट वाचायला हवा होता. खरे आहे. पण खेळ मागणाऱ्याचे घर पाडायची तयारी मुळात यंत्राने का दाखवावी, हे विचारणारे कमी निघाले. सुदैवाने त्यांत सॉफ्टवेअर बसवणारे-काढणारे एपीटी हे साधन सांभाळणारे होते. त्याच महिन्यात त्यांनी त्यात बदल केला आणि नुसते वाक्य लिहून घर पाडण्याची सोय काढून टाकली.

आता फोटोंचे. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये कुठेही चित्र जोडायला गेले की फाइल निवडण्याची खिडकी उघडत असे. तिच्यात चित्रांच्या जागी नावांची यादी असे : आयएमजी ४४७१, आयएमजी ४४७२, आयएमजी ४४७३. यातला बारशाचा कोणता आणि वीजबिलाचा कोणता, हे ज्याचे त्याने ओळखावे. चित्रे जाळीत मांडून दाखवा, ही मागणी २००४ साली नोंदवली गेली. ती पुरी झाली ग्नोमच्या खिडक्या ज्यावर उभ्या असतात त्या जीटीके ४.१० मध्ये, मार्च २०२३ ला. मागणीच्या वर्षी जन्मलेली मुले तोवर मतदार यादीत नाव घालून मोकळी झाली होती. तेवढ्या काळात ग्नोमने खिडक्यांवरचे लहान-मोठे करण्याचे बटण काढले, डेस्कटॉपवरची चिन्हेही काढली. काढण्याची कामे या खात्यात झटपट होतात.

आवाजाबद्दल थोडक्यात. २००८ च्या सुमारास पल्सऑडिओ आले आणि अनेकांचा आवाज गेला. ते कसेबसे स्थिरावते तोच पाइपवायर आले. ते चांगले आहे, हे अर्जदार कबूल करतो.

पडद्याचे तसे नाही. पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स ११ ही १९८७ ची व्यवस्था. तिच्या जागी यावी म्हणून वेलँड २००८ मध्ये सुरू झाले. उबुंटू या डिस्ट्रोने ते २०१७ मध्ये स्वीकारले, सहाच महिन्यांनी सोडले, २०२१ मध्ये पुन्हा धरले. वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावता येत नाही, हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. फक्त ऑनलाइन बैठकीत ‘स्क्रीन दिसतेय का?’ असे विचारल्यावर साहेबांना काळा चौकोन दिसे, तो या सुरक्षेचाच प्रसाद.

अर्जदार एकटाच कुरकुरतो आहे असे समजू नये. खुद्द टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला मधले बोट दाखवले होते. २०१४ च्या डेबकॉन्फ या डेबियनच्या परिषदेत तर त्यांनी घरचीच व्यथा मांडली : स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी त्यांनी सुरू केलेले ‘सबसरफेस’ हे सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकसाठी तयार करून देता येते, पण लिनक्ससाठी देणे परवडत नाही, कारण प्रत्येक डिस्ट्रोची तऱ्हा निराळी. मालकालाच स्वतःच्या घरात सामान लावता येईना! त्यावर उपाय म्हणून सगळ्या डिस्ट्रोंवर चालणारी स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही पॅकेजे पुढे आली. भांडण मिटवायला आलेली ही दोघे आता आपसात भांडतात. उबुंटूवर एपीटीने फायरफॉक्स मागवला तरी हातात स्नॅप पडते. लिनक्स मिंटने २०२० मध्ये स्नॅपला दारातच अडवले.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना तर आपण कधीच गमावले आहे. त्यांचे कोरलड्रॉ, त्यांचे पेजमेकर आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट विंडोजच्या खुंटीला बांधलेले. वास्तविक मराठीत टाइप करायला इन्स्क्रिप्ट कळफलक आपण फुकट देता, पण लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक फॉन्ट मागते, तत्त्व मागत नाही.

तरी अर्जदार निघून चाललेला नाही, हेही नोंदवावे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ज्यांना दारात उभे करत नाही असे धडधाकट संगणक घेऊन बरीच मंडळी आपल्याकडे येत आहेत. त्यांच्यासाठी एवढेच करावे : आल्याआल्या त्यांना शेकडो डिस्ट्रोंची यादी वाचून दाखवू नये, काही अडल्यास पहिला उपाय म्हणून टर्मिनल सांगू नये, आणि तक्रार घेऊन आले तर पुढच्या खिडकीवर पाठवण्याआधी ती एकदा वाचावी.

कळावे,
आपला,
अर्जदार

प्रत माहितीस्तव : कर्नल, ग्नोम, एनव्हिडिया व सर्व डिस्ट्रो (प्रत्येकी वेगळ्या पॅकेजमध्ये).