एका वेळी एकच बदल

तुमच्याही सोसायटीत एक असणारच. रिटायर झाल्यावर काही माणसं गुडघ्यांच्या मागे लागतात, काही अध्यात्माच्या, उरलेली व्हॉट्सॲपच्या. या तिन्हींतून जी निसटतात ती 'घरच्या घरी' काहीतरी करायला घेतात. कुणी साबण करतं, कुणी गांडूळखत, कुणी नाचणीचा पिझ्झा. शेजाऱ्यांनी फक्त वास सहन करायचा आणि 'छान झालंय' म्हणायचं. आमच्या चिखलोलीतल्या सोसायटीच्या नशिबी ग्लेझ आलं.

ग्लेझ म्हणजे चिनीमातीच्या भांड्यावरची चकाकी. ती बाटलीत तयार मिळते. ब्रशने लावा, भाजा, मोकळे व्हा. पण हे भट्टीकाकांना सांगून पाहाच. (हे नाव पोरांनी ठेवलं. खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या बिलावर उरलंय.) "तयार? त्यात काय घातलंय ते तुम्हाला माहीत आहे?" असं म्हणून ते तुम्हाला लिफ्टमध्ये घेतात. तळमजल्यावर सिलिका सुरू होते. ग्लेझ म्हणजे भांड्याला चिकटलेली काच, आणि काचेचा जीव सिलिका. पण ती एकटी वितळायला सतराशे डिग्रीच्या वर जावं लागतं, तोवर खालच्या भांड्याचंच पाणी होईल. तिसऱ्या मजल्यावर फेल्स्पार आणि खडूची पूड येते. यांच्या संगतीने सिलिका बाराशेच्या आसपास नरम पडते. पाचव्यावर प्रश्न उभा राहतो की वितळलेलं सगळं ओघळून भट्टीच्या फरशीला चिकटू नये म्हणून काय करायचं? उत्तर ॲल्युमिना, आणि ती चायना क्लेमधून मिळते. पण ते सातव्या मजल्यावर येतं. त्यामुळे आमच्या इमारतीत सातव्यावर राहणाऱ्यांनाच ॲल्युमिना ठाऊक आहे. खालच्यांची ग्लेझं अजून ओघळताहेत.

भांडी काका स्वतः करत नाहीत. ती कच्ची भाजलेली, पांढरट, बिनचेहऱ्याची, घाऊक विकत आणतात. मडकं ही त्यांच्या लेखी ग्लेझला टेकायला लागणारी भिंत. बऱ्याचदा तेही लागत नाही. दोन बोटं रुंदीच्या मातीच्या पट्ट्यांवरच त्यांचं भागतं. अशा पट्ट्या, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर, त्यांच्या गॅलरीत दोऱ्यांना ओवून टांगलेल्या आहेत. वारा सुटला की वाजतात. पाहुण्यांना ती सजावट वाटते. काका गंभीरपणे सांगतात, "या सगळ्या फसलेल्या."

मग येतं त्यांचं ते वाक्य. सोसायटीतल्या प्रत्येकाला ते पाठ आहे, वॉचमनलासुद्धा: "एका वेळी एकच बदल."

याचा अर्थ असा. ग्लेझमध्ये लोखंडाचा गंज दोन टक्के घातला की मधासारखा रंग येतो, आठ-दहा टक्के घातला की तपकिरीतून काळ्याकडे जातो. हे कळायचं तर बाकी काहीही न हलवता फक्त लोखंड वाढवत जायचं. सोबत चिमूटभर कोबाल्टही टाकलंत तर रंग बदलेल खरा, पण कशामुळे ते कळणार नाही. शास्त्र म्हणून हे बिनचूक आहे. पंचाईत अशी की काका ते भट्टीच्या बाहेरही वापरतात.

एकदा काकूंनी चहात आलं वाढवलं आणि साखर कमी केली. काकांनी कप खाली ठेवला. "चहा चांगला झालाय," ते खिन्नपणे म्हणाले, "पण आल्यामुळे की साखरेमुळे?" काकूंनी त्यांना दुसऱ्या दिवशी बिनआल्याचा, बिनसाखरेचा आणि बिनदुधाचा चहा दिला.

भाच्याने एकाच महिन्यात नोकरी बदलली, शहर बदललं आणि लग्न केलं. रिसेप्शनला आहेर देताना काका त्याच्या कानात म्हणाले, "सुखी हो. पण झालास तर कशाने झालास, हे तुला आयुष्यात कळायचं नाही." डॉक्टरांनी रक्तदाबाच्या दोन नव्या गोळ्या लिहून दिल्या, तर हे म्हणाले, "आधी एक द्या, पंधरा दिवसांनी दुसरी." डॉक्टर म्हणाले, "मग तुम्ही डॉक्टरच बदला." काकांनी बदलला. गोळ्या त्याच ठेवल्या.

होळी हा त्यांचा मोठा सण. धुळवडीच्या सकाळी सगळं अंबरनाथ-बदलापूर रंगात असतं तेव्हा काका पहाटेच बादली आणि ब्रश घेऊन राखेत असतात. लाकडाच्या राखेत चुना भरपूर असतो आणि तिचं सुंदर, झाडांच्या सालीसारखं ओघळतं ग्लेझ होतं. राख पाण्यात भिजवायची, वरचं क्षाराचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा भिजवायची. नाहीतर हात सोलवटतात. पहिल्या वर्षी पोलिसांची गाडी थांबली होती. पहाटे राख चाळणारा म्हातारा म्हटल्यावर माणूस काय समजणार! काकांनी त्यांना गाडीच्या खिडकीतून फेल्स्पारपर्यंत आणलं. गाडी निघून गेली.

पण होळीच्या राखेत त्यांचा नियम बसेना. एका वर्षी आंबा, एका वर्षी फर्निचरवाल्याचं प्लायवूड, वर शेण्या, एरंड, नारळ. म्हणून पुढच्या वर्षी काका होळी उत्सव समितीच्या सभेला हजर. लेखी अर्ज: 'यंदा फक्त आंब्याचे लाकूड वापरावे. पुरणपोळीचा नैवेद्य शक्यतो बाजूला दाखवावा.' समितीचे अध्यक्ष बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काका, होळीत काय जाळायचं ते होळीला ठरवू दे." काका आता भाताच्या तुसाच्या राखेकडे वळलेत. ती जवळजवळ निव्वळ सिलिका, आणि तिला समिती नसते.

त्यांच्याबरोबर देवदर्शनाला जाऊ नये. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहारांच्या काळातलं काम, काळ्या पाषाणावर सूत सूत जागा कोरलेली. माझे नागपूरचे साडू हात जोडून उभे होते. काकांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. "बेसॉल्ट. साडेबाराशेला वितळेल." साडूंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "लोखंड आतच आहे हो. वेगळा रंग घालावा लागत नाही." याच कारणाने ते नव्या बांधकामांवरून क्रशरची बारीक भुकटी डब्यात भरून आणतात. तिच्यात राख मिसळली की झकास काळं ग्लेझ होतं. आमच्या भागात भुकटीला तोटा नाही. ती डब्यात नसेल तेव्हा हवेत असते.

उल्हासनगरला मी त्यांच्याबरोबर गेलो तो जुनी वॉशिंग मशीनची मोटर घ्यायला. ग्लेझ दळायला घरी बॉल मिल करायची होती. मोटर बघता बघता काकांनी दुकानदाराला विचारलं, "तुम्ही मूळचे सिंधमधले ना? हाला गावच्या निळ्या फरश्या ठाऊक असतील?" आणि सुरू झाले. १८७० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी मातीकाम सुरू केलं तेव्हा झिलईचं काम जाणणारे कुंभार सिंधमधूनच आणले, मग त्या भांड्यांवर अजिंठ्याची चित्रं उतरली, ती भांडी विलायतेत गाजली. फाळणीनंतर सिंधमधल्या हजारो निर्वासितांचे संसार ज्या गावातल्या छावण्यांतून उभे राहिले त्याच गावात आपण मोटर घेतोय, केवढा योग! दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकलं. "साहेब, मोटर घ्यायची की आणखी एखादा कुंभार दाखवू?"

मोटर घेतली. बॉल मिल रात्रभर चालते. खालच्या मजल्यावरच्या आजींना आधी वाटलं, वर कुणी वाटण वाटतंय. त्यांनी काकूंना सहानुभूती दाखवली.

काकूंचा खरा वैरी सोळाव्या शतकातला आहे. फ्रान्समधल्या बर्नार पालिसीने पांढऱ्या ग्लेझसाठी वर्षानुवर्षं भट्ट्या लावल्या आणि लाकडं संपल्यावर घरातली टेबलं आणि जमिनीच्या फळ्या जाळल्या. ही गोष्ट काकांनी जेवताना डोळ्यांत पाणी आणून सांगितली. काकूंनी त्याच आठवड्यात माहेरचं शिसवी कपाट बहिणीकडे हलवलं. भट्टी विजेवर चालते हे त्यांना माहीत आहे. "लाइट जाते ना पण," त्या म्हणतात. काकांचा दुसरा लाडका बॉट्गर. तो सोनं करतो म्हणाला, म्हणून सॅक्सनीच्या ऑगस्टसने त्याला कोंडून ठेवलं आणि त्या कैदेतून १७०८-०९ च्या सुमाराला युरोपातलं पहिलं खरं पोर्सेलेन निघालं. ही गोष्ट मात्र काकूंना आवडते. विशेषतः कोंडून ठेवल्याचा भाग.

काकांचा भेटीदाखल मिळालेला मग स्वीकारताना सूचना वाचाव्यात. तांब्याचं हिरवं ग्लेझ त्यांनी लिंबाची फोड रात्रभर ठेवून तपासलेलं असतं. फोडीखालचा रंग फिकटला तर त्यातला धातू आंबटात उतरतो, म्हणजे भांडं खायच्या कामाचं नाही. माझ्या मगाच्या बुडावर लिहिलंय: 'चहा चालेल. कोकम नाही. सोलकढी तर नाहीच.' आमच्या हिच्या माहेरी, मालवणला, तो मग दाखवायची सोय नाही.

बंगळुरूच्या मुलीने वाढदिवसाला तयार ग्लेझची बाटली पाठवली, तेव्हा काय होणार हे कुणालाच कळलं नव्हतं. काकांनी लेकीच्या प्रेमाखातर ती एका वाडग्याला लावली. भट्टी दुसऱ्या दिवशी निवली. वाडगा निघाला तो निर्दोष. ना तडा, ना फोड, ना ओघळ. कडेला हिरवट, तळाशी समुद्रासारखा निळा. सगळ्या मजल्यांवरून माणसं बघायला आली, पहिल्यांदाच कुणाला खोटं बोलावं लागलं नाही. काका मात्र जेवले नाहीत. दोन दिवस भट्टी बंद, बॉल मिल बंद. आजींनी वर येऊन विचारलं, "सगळं ठीक ना?" मीही गेलो. वाडगा टेबलावर, शेजारी वही उघडी. "काय लिहू यात?" काका म्हणाले. "चांगलं झालं. का झालं, माहीत नाही. मी काहीच बदललं नाही हो."

त्या दिवशी मी त्यांची वही पहिल्यांदा चाळली. लाल कापडी पाठीची, हिशेबाची. आत बारीक अक्षरात: 'क्र. ८८: कडेला उघडी पडली. क्ले जास्त. चूक माझी.' 'क्र. ११४: बारीक फोड. कारण माहीत नाही.' 'क्र. ११५: क्र. ११४ परत, तापमान दहाने कमी. फोड तसेच. कारण अजून माहीत नाही.' 'क्र. १३१: फार सुंदर. कारण माहीत नाही. पुन्हा करून पाहणे.' खाली क्र. १३२ ते १४० अशा ओळी, त्या सौंदर्याच्या शोधात गेलेल्या, आणि प्रत्येकीपुढे 'नाही'.

काका तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायला होते. गिऱ्हाइकाच्या तुकड्याशी रंग जुळला नाही की शिफ्ट संपायच्या आत जुळवायचा: थोडं हे, थोडं ते, थोडी उष्णता, सगळं एकदम. जुळायचा. माल पास व्हायचा. "तीस वर्षं माल पास झाला," ते म्हणाले, "पण का पास झाला, हे कुणी मला विचारू दिलं नाही." मग त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि वाडग्यापुढे लिहिलं: 'बाटली. माझे नाही.' त्यानंतर या माणसाची टिंगल करताना मला जरा जपून करावी लागते. करतो, पण जपून.

कारण आमच्या गावात 'कारण माहीत नाही' असं लिहिणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. चिखलोलीत सगळं एकदम बदललं. भातखाचरांवर टॉवर आले, टॉवरांना पश्चिमेच्या शहरांची नावं आली, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये नवं स्टेशन यायचं ठरलं आणि ते उभं राहायच्या आत 'स्टेशनपासून दोन मिनिटं' असे बोर्ड लागले. धरण खिडकीतून दिसतं, नळातून दिसत नाही. यातलं काय कशामुळे झालं आणि काय कशामुळे अडलं, याची वही कुणी ठेवली नाही. श्रेयाचे फ्लेक्स मात्र प्रत्येक खांबावर.

मागच्या उन्हाळ्यात सोसायटीचं पाणी अडलं तेव्हा सभा भरली. काका उभे राहिले आणि सगळ्यांनी एका सुरात त्यांचं वाक्य त्यांच्याआधी म्हटलं. मग ते बाजूला सारून एका ठरावात पंप बदलला, प्लंबर बदलला, टँकरवाला बदलला आणि सेक्रेटरीही बदलला. आठवड्याने पाणी आलं. नव्या सेक्रेटरीचा सत्कार झाला, प्लंबरला नारळ मिळाला, टँकरवाल्याने दर वाढवला आणि पंपाला हार घातला. इतिवृत्तात लिहिलं: 'समितीच्या अथक प्रयत्नांमुळे पाणीप्रश्न सुटला.'

गणपतीच्या आधी पाणी पुन्हा गेलं. आता चौघांतला नेमका कोण बिनकामाचा हे सांगता येईना, म्हणून सभेत चौघांनाही बदलायचा ठराव एकमताने झाला. एक मत विरोधात होतं, पण ते काकांचं असल्याने धरलं नाही. काकांनी इतिवृत्त लिहायचं काम मागून घेतलं आणि 'पाणी का गेले?' या प्रश्नापुढे नेहमीच्या बारीक अक्षरात तीन शब्द लिहिले. नव्या सेक्रेटरींनी ते खोडले, वर 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहिलं, आणि सभा चहापानाने संपली.