कारखान्याची हिवाळी पूर्वतयारी (फक्त मालकांसाठी)

नाशिकला सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत ज्यांची पत्र्याची शेड आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. आयटीतल्या मंडळींनी वाचू नये. त्यांचा हिवाळा बारमाही असतो आणि त्याचा रिमोट अ‍ॅडमिनच्या कपाटात असतो.

आधी थंडी खरंच पडली आहे का, याची खात्री करून घ्या. साडेदहाला येणाऱ्या माणसाला ते सहजी कळत नाही. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हे तुम्ही पेपरात वाचता, तोवर सातची पाळी लागून बराच वेळ झालेला असतो आणि दारात ऊन आलेलं असतं. घरच्या खोबरेल तेलावरही विसंबू नका. ते साधारण 24 अंशांच्या खालीच गोठायला लागतं. त्या हिशेबाने तुमच्या केबिनमध्ये मे महिन्यातही कडाका जाहीर करावा लागेल. भरवशाचं यंत्र एकच, गेटवरचे वॉचमनमामा. कानटोपी नुसती डोक्यावर असली तर गारवा. हनुवटीखाली बंद आवळलेला असला तर थंडी. सलामाला हातही घोंगडीबाहेर येत नसेल तर परिपत्रक काढण्याची वेळ झाली.

परिपत्रकात 'दक्षता घ्यावी' हे शब्द हवेत. कोणी, कशाची, हे मोघम ठेवावं.

आता शेड. कामाच्या जागी हवा खेळती असावी आणि तापमान सोसवेल असं असावं, ही अपेक्षा 1948 च्या कारखाने अधिनियमाने तेराव्या कलमातच लिहून ठेवली होती. पैकी खेळत्या हवेची जबाबदारी आपल्या फुटक्या पत्र्याने केव्हाच उचलली आहे. उरलेल्या निम्म्या कलमासाठी एवढी घाई कशाला?

मशीनकडे मात्र दुर्लक्ष नको. रात्रभर गारठलेल्या सीएनसीवर सकाळी थेट जॉब लावला, तर स्पिंडल तापत जातो तशी मापं सरकतात आणि पहिले नग रिजेक्शनच्या पेटीत पडतात. हायड्रॉलिक प्रेसचं तेलही घट्ट झालेलं असतं. म्हणून मशीन थोडा वेळ रिकामं फिरवून ऊबदार करून घ्यावं. ऑपरेटरला असं काही लागत नाही. बर्फासारखा लोखंडी बार त्याने उघड्या हाताने उचलला तरी त्याची मापं सरकत नाहीत. निदान आपण ती कधी घेतलेली नाहीत. तिकडे निफाडकडचे बागायतदार रात्री उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. पण द्राक्षाला तडा गेला तर ते निर्यात होत नाही. टाचेच्या भेगांचं तसं नाही.

मामांच्या शेकोटीबद्दल धोरण ठाम असावं. ती बेकायदेशीर आहे, आणि आपण सकाळी लवकर आलो तर तिच्याशेजारी दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही. जळण कुठून आलं, हे उभं असताना विचारू नये. पॅलेटच्या फळ्या ओळखू येतात. तेलकट वेस्ट मात्र तिच्या आसपासही ठेवू देऊ नका. आणि दार-खिडक्या लावून केबिनमध्ये शेगडी पेटवू देऊ नका. ही थट्टा नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

एवढं करून कामगारांनी हीटर मागितलाच, तर नकार देऊ नका. तीन कोटेशनं मागवा. पर्चेस त्यातलं एक हरवेल, अकाउंट्सला जीएसटीची शंका येईल, मग संक्रांतीचा तिळगूळ वाटताना तुम्हीच मोठ्या मनाने सही कराल. माल होळीच्या आठवड्यात येईल. तो स्टोअरमध्ये नोंदवून कुलपात ठेवा. लाकडी खोकं तेवढं मामांना द्या, वर्गणीत धरतील.