खलनायकाची करवत

मालिका बघताना माणसं चेहऱ्यांकडे बघतात. मला ते कधी जमलं नाही. धाकटी सून थोरलीच्या दुधात काहीतरी कालवत असते, पार्श्वसंगीत टिपेला पोचलेलं असतं, कॅमेरा तिच्या डोळ्यांवर तीन बाजूंनी झेपावतो आणि मी खुर्चीतून अर्धा उठून ओरडतो, ''अगं, खिडकीतनं मागं बघ! बँडसॉ!''

''अहो, ती विष घालतीय!''

''घालू दे. वरचं चाक बघ. आरे वाकडे आहेत.''

बँडसॉ म्हणजे वरच्या-खालच्या दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरवणारी करवत. सौभाग्यवतींना तिच्या वाकड्या आऱ्यांचं सौंदर्य अजून पटलेलं नाही. बिडाचं चाक ओतल्यावर थंड होताना आकसतं. आरे सरळ असले तर ताण येऊन तडकू शकतात, म्हणून जुने लोक ते बाकदार ठेवायचे. हे मी तिला जाहिरातींच्या वेळात समजावून सांगतो. जाहिराती संपतात, माझं संपत नाही. तोवर थोरली बेशुद्ध पडलेली असते आणि ती नेमकी कशानं पडली, हे आमच्या घरात कुणाला कळत नाही.

उभी नोकरी पॅटर्न शॉपमध्ये काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? सांगलीकडचा माणूस ओतकामाच्या कारखान्यात होता म्हटलं, की लोकांना भट्टी आणि ठिणग्या दिसतात. पण बिडाची वस्तू आधी लाकडाची होते. सागवानात नमुना घडवायचा, वाळूत त्याचा ठसा घ्यायचा, नमुना अलगद काढून त्या पोकळीत रस ओतायचा. बीड थंड होताना फुटामागे साधारण एक सूत आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीसुद्धा फुटामागे एक सूत लांब असते. (असल्या पट्टीनं कापड मोजून देणारा दुकानदार भेटला तर त्याला सोडू नका.) लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला. त्यांचे नांगर आणि इंजिनं जगाला ठाऊक आहेत. कूपर तर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. पण लोखंडी नांगराच्या आधी त्याचे भाग लाकडात करणारा सुतार, त्याचा लेथ, त्याची रंधा मशीन, त्याचा बँडसॉ यांना कुणी विचारलं? पुढारी नाही, इतिहासकार नाही. विचारलं ते मालिकावाल्यांनी, आणि तेही चुकून.

झालं असं, की सगळं शूटिंग साताऱ्याकडे सरकलं. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' आली, २०२० मध्ये 'देवमाणूस' आली, मग काय, बांधाबांधावर व्हॅनिटी व्हॅन. त्याच जिल्ह्यातल्या वाईला हे नवं नाही. वाईनं 'गंगाजल'मध्ये बिहारची भूमिका केली, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशची आणि 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये तमिळनाडूची. कृष्णामाईला भाषेची अडचण म्हणून येत नाही. दुकानांच्या पाट्या रातोरात बदलतात, माणसांच्या डोक्यावरच्या टोप्या बदलतात. जुनी बिडाची मशीन मात्र हलवायची तर क्रेन आणावी लागते. म्हणून ती मागे जिथल्या तिथे राहते आणि गाव कुठलंही असलं तरी खरं तेवढंच बोलते.

खलनायकांना तर तिचं विशेष प्रेम. लाकूड चिरायच्या यंत्राकडे बांधलेला माणूस सरकवण्याचा प्रसंग अमेरिकेत १८९० सालच्या 'ब्लू जीन्स' या नाटकात रंगला होता, तेव्हापासून खलनायकांना नवीन काही सुचलेलं नाही. आमच्याकडे मध्यंतरी एका मालिकेत हिरोला बँडसॉच्या टेबलावर आडवा टाकला. सौभाग्यवतींनी पदर तोंडात धरला. मी म्हटलं, ''निवांत राहा, याला काही होत नाही. पातं उलटं चढवलंय.'' बँडसॉचे दात खाली तोंड करून असतात, कारण टेबलाशी पातं वरून खाली धावतं. इथे सगळे दात आभाळाकडे! असलं पातं पाठीनं घासणार. हिरोला फार तर गुदगुल्या झाल्या असत्या. एवढा मोठा खलनायक, तालुक्याची बँक खाल्लेला, आणि पदरी पातं चढवणारा एक माणूस नाही? असल्याच्या हाती साखर कारखाना कसा द्यायचा?

ऐतिहासिक मालिकांचं दुखणं वेगळं. तिथे यंत्र दिसत नाही, पण त्याचे दात दिसतात. दोघांनी ओढलेल्या करवतीची खूण फळीवर दर हाताला थोडी तिरकस बदलते. गोल करवत कमानी उठवते. बँडसॉ सरळ, आडव्या, एकसारख्या रेघा सोडतो. आता बँडसॉचं पेटंट लंडनमध्ये १८०८ साली निघालं, आणि पुढेही कितीतरी वर्षं त्याचं पातं जोडावर तुटायचं. तरी एका मालिकेत गडाचा दरवाजा जवळून दाखवला, तर वरपासून खालपर्यंत बँडसॉच्या रेघा. गनीम दरवाजा फोडायला आला होता, मी त्याच्या बाजूचा झालो. शेजारच्या पेटाऱ्याला अधिकच्या चिन्हाचे स्क्रू होते. ते १९३० नंतरचे. असल्या बाबतीत सांगलीनं तरी गप्प बसू नये. विष्णुदास भाव्यांनी इथे १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं. लाकडी बाहुल्याही त्यांनी केल्या. आमच्याकडे नाटकाची आणि लाकडाची सोयरीक तेव्हापासूनची.

तर परवा साताऱ्याहून मेव्हण्याचा फोन. ''दाजी, आपल्या पाव्हण्यांच्या वखारीत शूटिंग हाय. मशीनच हिरो हाय म्हणं. हिरोच्या मेलेल्या बापाची मशीन.''

ती मशीन मला माहीत. इंग्लंडातल्या रॉचडेलच्या रॉबिन्सन कंपनीचा बँडसॉ, पाव्हण्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेला. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर. पाव्हण्यांनी शूटिंग म्हणून मशीन पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केली होती, वंगण दिलं होतं, चाकाला झेंडूचा हार घातला होता. एवढ्यात आर्ट डिपार्टमेंटचा पोरगा आला, हात कमरेवर ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, ''काका, मशीन जुनी पाहिजे होती.''

''जुनीच हाय की!''

''दिसत नाही ना.''

मग त्यानं पिशवीतून तपकिरी रंग काढला आणि मशीनला गंज काढायला घेतला. वर चहापत्तीचं पाणी, त्यावर बंदुकीसारख्या कसल्याशा यंत्रानं कोळिष्टकं. पाव्हणे लाकडाच्या ओंडक्यावर बसले ते उठेनात. ''माझ्या बापानं रोज तेल घातलं,'' एवढंच दर दोन मिनिटांनी म्हणायचे. दिग्दर्शकाला ते फार आवडलं. तो लेखकाला म्हणाला, हे वाक्य हिरोला द्या.

मशीन चालू करायची वेळ आली तेव्हा साउंडवाल्यानं हात वर केले. म्हणाला, आवाजात डायलॉग मरेल. म्हणून मेव्हण्यानं पडद्याबाहेर बसून चाक हातानं फिरवलं. मी पट्ट्याचा ताण बघून दिला. मला कुणी विचारलं नव्हतं.

भाग लागला त्या रात्री सगळी वखार पाव्हण्यांच्या घरी जमली. मीही होतो. हिरो आला, बापाच्या मशीनवर हात ठेवून रडला. कॅमेरा त्याच्या उजव्या डोळ्यात, मग डाव्या डोळ्यात. 'माझ्या बापानं रोज तेल घातलं' हे तो छान म्हणाला. बँडसॉ त्याच्या कानामागे कुठेतरी धूसर, चाकाचा पाव भाग तेवढा फिरताना दिसला, आणि त्याला आवाज घातला होता स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा. कुणी काही बोलेना. पाव्हण्यांच्या आई नव्वदीकडे झुकलेल्या, दिसतं कमी. त्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

''चाक आपलंच हाय,'' त्या म्हणाल्या. ''चटणी कोण वाटतंय?''