घराचा वरखर्च

ड्युसेलडॉर्फमध्ये फ्लॅट घेतोय म्हटल्यावर पुण्याहून बाबांचा पहिला प्रश्न, "नोटरीला किती देतोयस?" त्यांच्या डोळ्यांपुढचा नोटरी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतो आणि कागदाकडे न बघता शिक्का मारतो.

जर्मन नोटरी नेमका उलट. खरेदीखत शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्याला सही घेताच येत नाही. कायदाच तसा आहे. मसुदा साधारण १४ दिवस आधी हातात पडतो. तो आपण घरी वाचायचा आणि पुन्हा त्याच्या तोंडून ऐकायचा. आमचा नोटरी तर पुढच्या सत्यनारायणाला उशीर झालेल्या गुरुजींच्या वेगाने वाचत होता. फक्त, मध्येच शंका विचारली की हा खरोखर थांबतो. बायकोने ती सोय मनसोक्त वापरली. माझं जर्मन ब्रेड घेण्यापुरतं, म्हणून दुभाषी. म्हणजे प्रत्येक कलम दोनदा. दुभाष्याचे पैसे अर्थात आमचेच. प्रसाद नव्हता, बिल घरपोच आलं.

"जरा घासाघीस कर की!" बाबा म्हणाले. पण इथे फी घराच्या किमतीवर, कायद्याने ठरलेली. सूट द्यायला नोटरीला मनाई आहे.

खरं तर तो बिचारा उगाच बदनाम. चार लाख युरोंच्या घरावर नोटरी आणि मालमत्तेची नोंद मिळून साधारण दोन टक्के, म्हणजे आठ हजार. त्यातच बँकेच्या तारणाची नोंदही येते: आपण कर्जात बुडालो हे सरकारदरबारी लिहून ठेवायची फी आपणच भरायची! दलालाचे ३.५७ टक्के, १४,२८० युरो. त्यातले तीन टक्के त्याचे, वरचे त्याच्यावरच्या व्हॅटचे.

आणि सरकार? २६,०००. नॉर्थ राइन-वेस्टफेलियात खरेदीकर ६.५ टक्के, बव्हेरियात ३.५. "मग तिकडे घे," असं बाबा म्हणालेच; म्युनिकचे भाव ऐकून गप्प बसले. हा कर भरल्याचा दाखला आल्याशिवाय घर नावावर चढत नाही. तरी शिव्या नोटरीच खातो, कारण समोर तोच बसलेला असतो.

बाबांनी कॅल्क्युलेटर काढला. फ्लॅट ८० चौरस मीटर, वरखर्च ४८ हजारांच्या वर.

"म्हणजे शंभरेक चौरस फूट. दहा बाय दहाची खोली गेली की रे!"

"हो, बाबा."

"मग त्या खोलीचं भाडं त्यांच्याकडून घे."