आप्पांचा खडू

पोकलेन सकाळी आठला निघणार, असं ठेकेदारानं सांगितलं. लोबेड ट्रेलरवर ड्रायव्हर आप्पा आहेत, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी घरून जेवून आलो असतो.

गाडी चालवण्यापेक्षा ती सुटू न देण्यातच आप्पांना जास्त रस. साठीचं वय, मे महिन्यातही कानाला मफलर आणि हातात विडीच्या जागी पांढरा खडू. पोकलेन वर चढलं तेव्हा ऑपरेटरला वाटलं, झालं काम. आप्पा उकिडवे बसले, बेडखालून आरपार पाहिलं. "वीतभर पुढं घे." घेतलं. "आता चार बोटं मागं." वीस टनांचं धूड चार बोटं मागं! ऑपरेटरनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे.

"साहेब, ओझं मागं गेलं की घोड्याचं (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं) तोंड हलकं होतं. स्टिअरिंग फिरतं, गाडी फिरत नाही. लई पुढं गेलं तर घोड्याची कंबर जाते." मग मागच्या तीन ॲक्सलांकडे बोट. "हे तिघं सख्खे भाऊ. बेड पुढनं उचललेला राहिला तर सगळं धाकट्याच्या बोकांडी." हे बोलताना आवाज थोडा कापला. आप्पा घरात धाकटे आहेत, हे मला नंतर कळलं.

जागा ठरली तशी ट्रॅकच्या कडेनं बेडवर खडूची रेघ आली. तिथून सरकलं तर रेघ चुगली करणार. प्रत्येक चाकाच्या नटावरही रेघ, नटावरून थेट डिस्कवर उतरलेली. नट ढिला झाला की रेघ मोडते. खडूला दोन रुपयेही पडत नाहीत, पण आप्पा तो मफलरच्या टोकात बांधून ठेवतात.

ट्रेलरचा किंगपिन घोड्याच्या जबड्यात बसल्याचा 'खट्' आवाज साऱ्या साईटनं ऐकला. आप्पांनी तरीही बॅटरी घेऊन आत मुंडी घातली, जबडा मिटलाय का पाहिलं. मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा पुढं ओढून पाहिला. हवेचे पाईप हातानं चाचपले. मी थोडी अक्कल पाजळली, "आप्पा, लाल पाईप सुटला तर ब्रेक आपोआप लागतातच की."

"लागतात ना. पण कुठं? खंबाटकी घाटाच्या वळणावर."

ट्रॅकखाली फळ्या (लोखंडावर लोखंड म्हणजे ओल्या मोरीवर साबण, इति आप्पा), बूम खाली, बकेट बेडवर टेकलेली. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, बकेटला पाचवी. हेल्परनं आवळल्यावर आप्पांनी एकेकीवर पाना मारला आणि कान लावला. तबला मिळवतात तसं. तिसरी बेसूर निघाली. पुन्हा आवळली.

निघालो तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

दहा किलोमीटरवर गाडी थांबली. टपरी समोर होती. हेल्पर चहाच्या आशेनं उतरला, त्याच्या हातात चहाऐवजी पाना आला. "पयल्या टप्प्यात ओझं बसतं, साखळी सैल पडते." एकही साखळी हललेली नसू दे, अशी मी मनोमन प्रार्थना केली. मागची उजवी बोटभर ढिली होती. आप्पा काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती मीच गुपचूप सैल केली असावी.

पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो. स्टेजवर फोटोसाठी वऱ्हाडाची झुंबड उडालेली आणि आप्पा खाली उकिडवे बसून फळ्यांखालून आरपार बघत होते. "व्याही, जरा पुढं या. सगळं ओझं मागच्या ॲक्सलवर झालंय." व्याही पुढं आले. अक्षता टाकून उतरताना माझं लक्ष वधूवरांच्या सोफ्याकडे गेलं. चारही पायांपाशी खडूच्या रेघा होत्या.