अहो, मेन बंद करा!

(रंगमंचावर एक खुर्ची, शेजारी स्टूल. पन्नाशीच्या बाई पदर खोचून, हातात विजेचं बिल घेऊन बोलतच येतात.)

आमच्या ह्यांना एकच व्यसन. बटण बंद करायचं. दारूवाला निदान संध्याकाळची वाट बघतो, ह्यांचं दिवसभर चालू. मी भाजी निवडायला बसले की मागून टक्! अंधार. हातात भेंडी आहे की मिरची, ते बोट डोळ्याला लागल्यावर कळायचं. चिरंजीव बाथरूममध्ये असले तरी टक्! आतून ओरडा, "बाबा, मी आहे आत!" तर हे म्हणतात, "आहेस ना? मग कुठे काय आहे ते तुला माहितीय."

बरं, घर केवढं? डोंबिवलीतला वन बीएचके. हॉलमध्ये उभं राहून हात लांब केला की किचनचं बटण लागतं. अशा घराला मे महिन्याचं बिल आलं साडेचार हजार. युनिटं तीनशे बावन्न!

(बिल उलगडून प्रेक्षकांना दाखवतात.)

ह्यांनी तिथल्या तिथे कोर्ट भरवलं. आरोपी नंबर एक, आमच्या सासूबाई. गुन्हा काय, तर देवघरातला दिवा रात्रभर चालू. नऊ वॅटचा एलईडी. मी म्हटलं, अहो, हिशेब करा. हजार वॅट एक तास चाललं की एक युनिट. हा नऊ वॅटचा दिवा महिनाभर, रात्रंदिवस, एकदाही न विझवता जळत ठेवला तरी साडेसहा युनिटं होतात. आणि तुमचा गिझर? दोन हजार वॅट! अर्ध्या तासात एक युनिट फस्त. हे गिझर लावणार, मग पेपर वाचणार, मग चहा. मग "पाणी निवलं असेल, राहू दे जरा." मे महिन्यात! दिव्याला फाशी आणि गिझरला जावयासारखा पाटावर बसवलाय.

(थांबून) ह्यावर हे काय म्हणाले असतील?

"आंघोळीचा विषय काढू नकोस."

मग म्हणतात, "शंभराच्या पुढे गेलं की सगळीच युनिटं महाग लागतात, म्हणून मी मरतोय बटणं बंद करत." नाही हो! पहिली शंभर पहिल्याच दराने लागतात. एकशे एक ते तीनशे त्याच्या वरच्या दराने, तीनशेच्या पुढची आणखी वरच्या. वरच्या मजल्याचं भाडं तळमजल्याला लागत नाही. शिवाय स्थिर आकार आहे, तो घराला महिनाभर कुलूप लावून काशीला गेलात तरी येणार. वहन आकार आहे. आणि ह्या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. हे सगळं बिलावर छापलंय. आपण बिल बघतो कसं? खालून. आकडा बघायचा, "आई गं" म्हणायचं, घडी घालायची, फ्रिजवर ठेवायची.

मी वरून वाचलं. चालू रीडिंग, मागील रीडिंग, वजाबाकी बरोबर. सरासरीचं बिल नाही, प्रत्यक्ष रीडिंग घेतलेलं. शेजारी पुराव्यादाखल मीटरचा फोटो. एक काळा चौकोन. चिरंजीव म्हणाले, "शेवटचा आकडा तीन आहे." हे म्हणाले, "आठ." आई म्हणाल्या, "पाल आहे."

मी म्हटलं, मीच बघून येते. भर दुपारी दोनला जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेले. आईंचं बरोबर होतं. पाल होती.

(आवाज उतरवून) आणि बिलावर मीटरचा जो क्रमांक, तो मीटर सापडला. त्याच्यावर लाल दिवा लुकलुकतोय. मीटरवर लिहिलेलंच असतं, किती वेळा लुकलुकलं की एक युनिट. आमच्यावर बत्तीसशे लिहिलंय. म्हणजे घरात आईंचा एकटा दिवा जळत असेल तर दोन मिनिटांत एकदा लुकलुकेल. हा दर सेकंदाला! मी खालूनच फोन लावला, "अहो, मेन बंद करा." ह्यांच्या आयुष्यातला परमानंदाचा क्षण. आजवर एकेक बटण बंद केलं, आज सगळं घर एका फटक्यात! खट्ट.

(एकटक बघत) मीटर चालूच.

लुक, लुक, लुक. मी म्हटलं, "मेन सुरू करा आणि गिझर लावा." तर शेजारचा, दोनशे चार नंबरचा मीटर थयथय नाचायला लागला!

आलं लक्षात? गेल्या वर्षी सोसायटीतले मीटर बदलले, तेव्हा आमची वायर गेली दोनशे चारच्या मीटरला आणि त्यांची आमच्या. तोवर दोघांचा वापर सारखाच, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. ह्या उन्हाळ्यात त्यांनी एसी घेतला. दोनशे चारच्या वहिनी मला जिन्यात अडवून सांगत होत्या, "आमचा फाईव्ह स्टार हो! दिवसरात्र लावतो, पण बिलात फरकच नाही!"

कसा असेल?

म्हणजे आमचे हे जिवाचं रान करून बटणं बंद करत होते आणि बचत होत होती दोनशे चारची! हे ऐकल्यावर माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. दिवेलागण झाली तरी दिवा लावायला उठले नाहीत. मी म्हटलं, लावा, आता बिल त्यांचं आहे. तर घरातली सगळी बटणं लावली. बाथरूमचंसुद्धा. आत कुणी नसताना!

अर्ज दिलाय. मीटर तपासतील, वायरी बदलतील, दोन्ही बिलं नव्याने काढतील. साहेब म्हणाले, "होऊन जाईल." कधी, ते म्हणाले नाहीत. तोवर ह्यांनी तोडगा काढला. म्हणाले, "एसीचे पैसे आपण भरतोय ना? मग आपण तिथे बसायचं." रोज दुपारी जेवण झालं की हे, आई आणि चिरंजीव, तिघं दोनशे चारच्या हॉलमध्ये. हे रिमोट हातात घेऊनच बसतात. वहिनींना सुनावतात, "२०२० पासून स्टारवाले नवे एसी सुरू होताना आपणहून चोवीसवर लागतात. सरकारनेच तसं ठरवलंय. मग अठरावर कोण नेतं?" वहिनी म्हणतात, "भाऊजी, मला उकडतं." हे म्हणतात, "मला बिल येतं."

(मोबाईल वाजतो.)

हं, आई, बोला. थंडी वाजतेय? शाल आणते ना. ह्यांना चोवीसवर ठेवायला सांगा... झोपले? रिमोट कुठाय?... वहिनींकडे? घ्या काढून! नाही, भांडू नका, गोड बोलून घ्या... काय म्हणतायत? सगळ्यांसाठी चहा टाकतायत? किती चांगल्या आहेत हो... थांबा, थांबा. कशावर? इंडक्शनवर?

(ओरडत विंगेकडे धावतात.) मुळीच नको! गॅसवर करा म्हणावं! गॅस त्यांचा आहे!

(पडदा.)